ईशान्येचा भाडेकरू, आफ्रिकेचा विद्यार्थी आणि आपण : नकळत होणारा वंशभेद ओळखून थांबवायचा कसा

ज्यांच्या मनात कुणाविषयी द्वेष नाही, अशा माणसांसाठी हा लेख आहे. पुण्यामुंबईत, नागपुरात, पणजीत फ्लॅट भाड्याने देणारे, मुलाखती घेणारे, सोसायटीच्या कमिटीवर काम करणारे, कॉलेजात शिकवणारे, शेजारी मणिपूरची मुलगी किंवा सुदानचा मुलगा राहायला आला आहे असे आपल्यासारखे लोक. वंशभेद म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न, आपल्याकडे काय ती जात, असं धरून आपण चालतो. राज्यघटनेच्या १५व्या कलमाने मात्र धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या सगळ्यांवरून होणारा भेदभाव एकाच ओळीत नाकारला आहे.

दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये जानेवारी २०१४ च्या अखेरीस अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या रंगवलेल्या केसांवरून एका दुकानात थट्टा झाली. थट्टेतून बाचाबाची, बाचाबाचीतून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. बंगळुरूत जानेवारी २०१६ च्या अखेरीस एका सुदानी माणसाच्या गाडीखाली येऊन एक बाई दगावली. काही वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीचा त्या अपघाताशी काडीचाही संबंध नव्हता, तरी जमावाने तिला मारलं. २०२० च्या वसंतात करोनाची साथ आली तेव्हा ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. मुंबईत सांताक्रूझ भागात एका मणिपुरी तरुणीवर दुचाकीवरून जाणारा माणूस थुंकला. असे प्रकार थांबवा म्हणून केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं.

हे टोकाचे प्रसंग, आणि ते करणारे आपण नव्हे, हे खरंच आहे. पण ज्या समजुतींवर ते उभे राहतात त्या आपल्या घरांत, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज बोलल्या जातात. ‘त्या मुली तशाच असतात.’ ‘हे आफ्रिकन लोक, कशाला लफडं?’ ‘चायनीज दिसतो, इंडियन आहे म्हणतो.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ऐकणाऱ्याच्या आयुष्यात मात्र याच वाक्यांमुळे घर मिळत नाही, नोकरीचा फोन येत नाही, रात्री रिक्षा थांबत नाही.

आधी थोडं समजून घ्या

हे कुणी आपल्याला बसवून शिकवलेलं नसतं. नवजात बाळ कुठल्याही वंशाचा चेहरा सारख्याच कुतूहलाने बघतं. तीन महिन्यांचं झालं की रोज दिसणाऱ्या वंशाचे चेहरे जास्त वेळ न्याहाळू लागतं, आणि नवव्या महिन्यापर्यंत इतर वंशांचे चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखणं त्याला अवघड जाऊ लागतं. ‘सगळे चिनी सारखेच दिसतात’ हे वाक्य तिथून येतं. फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तीन ते नऊ वर्षांच्या वयात ती मुलं युरोपीय घरांत आली होती. मोठेपणी त्यांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे अधिक चांगले ओळखता येत होते. जन्माने मिळालेलं काहीच त्यात उरलं नव्हतं, सवयीने सगळं फिरवलं होतं. मला या विषयात सगळ्यात जास्त आशा या निष्कर्षाने दिली आहे.

चेहऱ्यांवर मग बाकीची पुटं चढतात. सिनेमातला गुरखा, बातमीतला ‘नायजेरियन’, मॅट्रिमोनीच्या जाहिरातीतली ‘गोरी, सडपातळ’, आजीचं ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’. निर्णयाची वेळ येते तेव्हा हे सगळं आपल्याला न विचारता पुढे येतं, आणि आपण त्याला ‘मला जरा वेगळंच वाटलं’ किंवा ‘अंदाज आला’ असं म्हणतो.

‘मी तसा नाही’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा

सुरुवातीची अडचण इथेच असते. स्वतःच्या निःपक्षपातीपणाची खात्री वाटू लागली की माणूस मनातल्या ठोकताळ्यांवर जास्तच बिनधास्त विसंबतो, असं नोकरभरतीवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. ‘माझं मन स्वच्छ आहे, म्हणजे मला जे वाटतंय ते बरोबरच असणार’ असा तो हिशेब. तेव्हा मी चांगला की वाईट, हा प्रश्नच काही काळ सोडून द्या. त्याऐवजी विचारा : गेल्या वर्षभरात मी कुणाला हो म्हटलं, कुणाला नाही, आणि कशावरून?

मनातला असा छुपा कल तपासायला इंटरनेटवर एक प्रसिद्ध चाचणी (इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट) फुकट मिळते. चेहरे आणि चांगले-वाईट शब्द यांच्या जोड्या झटपट लावायच्या, आणि कुठल्या जोडीला जास्त वेळ लागतो ते संगणक मोजतो. ही पद्धत १९९८ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी मांडली. एकदा करून बघायला हरकत नाही. आपली बोटं अडखळतात तेव्हा माणूस जागा होतो. पण त्या निकालाला कुंडली समजू नका. तोच माणूस महिन्याभराने वेगळा आकडा आणतो, आणि एकेका माणसावर शिक्का मारायला ही चाचणी वापरू नये असं ती बनवणारेच सांगतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. व्याख्यान, चित्रफीत, कल्पनेचे खेळ अशा छोट्या उपायांनी चाचणीतला आकडा खाली येतो खरा, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तपासणीत असे नऊ उपाय पाहिले, तर त्यांचा परिणाम काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत ओसरला होता. आणि २०१९ मध्ये जवळपास पाचशे अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं की आकडा बदलला म्हणून वागणं बदलतंच असं नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर वागण्यावर आहे. मन धुऊन निघेल तेव्हा निघेल. निर्णय घेण्याची पद्धत आजच बदलता येते.

पहिलं काम : आपल्या निर्णयाच्या जागा शोधा

आपल्या हातात दुसऱ्याचं काही असतं, अशा जागा प्रत्येकाच्या आयुष्यात मोजक्याच असतात. घरमालकाच्या हातात किल्ली. मॅनेजरच्या हातात मुलाखत. शिक्षकाच्या हातात तोंडी परीक्षेचे गुण. सेक्रेटरीच्या हातात तक्रारवही. दुकानदाराच्या हातात ‘ट्रायल रूम बंद आहे’ म्हणण्याची सोय. वहीत आपल्या दोन-तीन जागा लिहून काढा. प्रत्येकीपुढे गेल्या काही निर्णयांची नोंद करा : माणूस कुठला, निर्णय काय, कारण काय दिलं. कारण आठवत नसेल तर तसंच लिहा.

यात एक नमुना दिसू लागतो. मराठी भाडेकरूच्या वेळी ‘पगार किती’ विचारलेलं असतं, नागालँडच्या मुलींना ‘रात्री किती वाजता येता’ विचारलेलं असतं. आपल्या माणसाची चूक ‘घाईत झाली’ असते, परक्याची चूक ‘हे लोक असेच’ असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी पूर्वग्रहाला सवय मानून बारा आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला होता. नंतर तो पुन्हा करून पाहिला तेव्हा सगळ्यात भरवशाचा फरक हाच दिसला, की भाग घेतलेल्यांच्या भेदभाव पटकन लक्षात येऊ लागला आणि तो चूक आहे असं त्यांना ठामपणे वाटू लागलं. लक्षात येणं ही लहान गोष्ट नाही.

भाड्याचं घर

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. परगावाहून आलेल्या माणसाचं शहरातलं आयुष्य घरापासून सुरू होतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांकडून भेद होतो तो इथेच.

जाहिरात टाकण्याआधी कागदावर अटी लिहा. भाडं किती, डिपॉझिट किती, किती माणसं राहणार, कुठली कागदपत्रं, पाळीव प्राणी चालतील का, करार किती महिन्यांचा. माणूस बघण्याच्या आधी लिहायचं, नंतर नाही. हे कशासाठी, ते एका प्रयोगातून कळतं. अमेरिकेत लोकांना पोलीसप्रमुखाच्या पदासाठी एक पुरुष आणि एक स्त्री उमेदवार दाखवले. एकाकडे शिक्षण, दुसऱ्याकडे रस्त्यावरचा अनुभव. पुरुषाकडे जे होतं, तेच या कामाला महत्त्वाचं असं लोक म्हणू लागले; उमेदवार पाहण्याआधी निकष ठरवून घेतले तेव्हा हा भेद नाहीसा झाला. तिथे प्रश्न बाई-पुरुषाचा होता, पण युक्ती मन तीच लढवतं : आधी माणूस नको असतो, मग त्याला साजेशी अट सापडते.

तुम्ही एजंटमार्फत घर देत असाल तर भेदभाव तुमच्या नावाने तोच करत असतो. ‘साहेबांना चालणार नाही’ हे तो तुम्हाला न विचारता सांगून मोकळा होतो. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा : अटीत बसणारा प्रत्येक माणूस मला फोनवर दे, कुठल्या राज्याचा, कुठल्या देशाचा हे तू गाळायचं नाहीस. जे भाडं जाहिरातीत आहे तेच सगळ्यांना सांग. एवढ्या दोन सूचनांनी किती दरवाजे उघडतील.

मग येतात नेहमीच्या हरकती. प्रत्येक हरकत तपासायला एकच सोपी कसोटी पुरते : त्या जागी सांगलीचा किंवा चिपळूणचा माणूस ठेवून बघायचा.

वासाचं घ्या. नागा घरांत आखुनी नावाचं आंबवलेलं सोयाबीन शिजतं, मिझो-मणिपुरी घरांत बांबूचे कोंब, सुकी मासळी. वास उग्र असतो, त्यात खोटं नाही. पण कोकणातल्या माणसाने सुके बोंबील भाजले की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं, आणि आपण फार तर दार लावून घेतो. त्याला घर सोडायला कुणी सांगत नाही. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका पुस्तिकेत ईशान्येच्या विद्यार्थ्यांना असे ‘वासाचे’ पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होईल असे करा आणि अंगभर कपडे घाला, असा सल्ला सुरक्षेच्या नावाखाली दिला होता. छळ ज्यांचा होतो त्यांनीच स्वयंपाक आणि कपडे बदलावेत, हा त्यातला न्याय. वासाचा खरंच त्रास होत असेल तर एक्झॉस्ट पंखा बसवून द्या आणि तो नियम बोंबिलालाही लावा.

आवाजाचं तसंच. रात्री अकराला स्पीकर बंद, हा नियम सगळ्यांना असेल तर उत्तम नियम आहे. वाढदिवसाला जोशींच्या घरातून बारापर्यंत गाणी येतात आणि तक्रार फक्त घानाच्या मुलांची होते, तेव्हा तो आवाजाचा प्रश्न राहत नाही.

‘मित्र-मैत्रिणी येतात’ ही हरकत तर मुलींच्या चारित्र्यावरच येऊन थांबते. कुणाकडे किती पाहुणे यावेत हे करारात सर्वांसाठी सारखं लिहा. नंतर गॅलरीतून मोजत बसू नका.

‘ड्रग्ज’ची भीती बोलून दाखवली जाते ती आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दल. भीती वाटत असेल तर कागद बघा : पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं प्रवेशपत्र. परदेशी माणसाला घरात ठेवलं की मालकाने २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून कळवायची असते, आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी तर गावच्या माणसाचीही करायची. कायद्याने दिलेल्या या पायऱ्या पूर्ण झाल्यावर उरते ती शंका कातडीच्या रंगावरची आहे, हे स्वतःशी मान्य करा. १९७० च्या सुमारास पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी कावीळ होऊन पडला होता, आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. वसतिगृह सांभाळणाऱ्या प्रा. शां. ब. मुजुमदारांना ते दिसलं. परदेशी मुलं या शहरात किती एकटी आहेत हे जाणवल्यामुळे त्यांनी १९७१ मध्ये सिम्बायोसिस सुरू केली. पुण्याला परदेशी विद्यार्थ्यांचं शहर करणारी गोष्ट अशी सुरू झाली आहे. त्या मुलांना आज घर नाकारताना हे आठवावं असं मला फार वाटतं.

मुलाखत

अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकऱ्यांना जवळपास पाच हजार बनावट अर्ज पाठवण्यात आले. अर्ज सारखेच, काहींवर गोऱ्यांची वाटणारी नावं, काहींवर कृष्णवर्णीयांची. निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला : गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त फोन आले. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी असाच प्रयोग खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींवर केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी असूनही, प्रतिसाद मिळण्याची शक्यता उच्चजातीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावांना सुमारे एक तृतीयांश होती. ‘आडनाव काय?’ विचारल्याशिवाय ज्यांची ओळख पूर्ण होत नाही त्या आपल्याला याचं नवल वाटायला नको. इथली प्रत्येक युक्ती जातीच्या बाबतीतही जशीच्या तशी वापरता येते, आणि वापरायला हवी.

करायचं काय : पहिल्या चाळणीआधी दुसऱ्या कुणाला तरी अर्जावरचं नाव, फोटो आणि गाव झाकायला सांगा. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला लगेच गुण, आणि सगळ्यांचे गुण लिहून होईपर्यंत आपापसांत चर्चा नाही. ‘आपल्या टीममध्ये मिसळेल का?’ या प्रश्नाला गुण ठेवू नका, त्यात बहुतेक वेळा ‘आपल्यासारखा आहे का’ हेच मोजलं जातं. खासी किंवा नायजेरियन वळणाचं इंग्रजी ऐकायला दोन मिनिटं लागतात. सवय आपल्या कानांना नसते, आणि गुण मात्र त्याचे जातात.

जिन्यात, वर्गात, रस्त्यावर

नाव शिका. सोसायटीच्या वॉचमनला पिढ्यान्‌पिढ्या ‘बहादूर’ म्हणून हाक मारणारी घरं आहेत. तो दार्जिलिंगचा भारतीय गोरखा असू शकतो, आसामचा असू शकतो, आणि त्याचं स्वतःचं नाव आहे. वर्गातल्या नागालँडच्या अंगामी किंवा नायजेरियाच्या योरुबा मुलाचं नाव जिभेवर येत नसेल तर त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या, देवनागरीत लिहून ठेवा. ‘तुला आम्ही राजू म्हणू’ हे प्रेमाने म्हटलं तरी त्याचं नाव काढून घेणंच आहे.

चेहरे शिकण्याचाही सराव करता येतो. नवीन ओळख झाली की वंशाची खूण सोडून त्या माणसाचं काहीतरी खास टिपा : भुवई, हसणं, चालण्याची ढब, आवाज. कोरियन मुलांचा अभ्यास आठवा. सराव झाला की ‘सारखे दिसणारे’ लोक सारखे दिसत नाहीत.

‘कुठले तुम्ही?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनाच विचारतो, तो विचारायला काहीच हरकत नाही. ‘इम्फाळ’ असं उत्तर आल्यावर ‘नाही, पण मूळचे?’ असं पुढे विचारलं की आपण तिला तिच्याच देशात परकं केलेलं असतं. ‘तुमचं हिंदी किती छान!’ हीसुद्धा तशीच शाबासकी. आठ राज्यं आहेत तिकडे, प्रत्येकात अनेक भाषा. मैतेई, खासी, मिझो, बोडो, आदी हे एकमेकांहून तितकेच वेगळे, जितके आपण आणि तमिळ. एवढं माहीत असलं तरी गप्पा वेगळ्या होतात.

आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांच्या केसांना हात लावू नका, न विचारता फोटो काढू नका, मुलं बोट दाखवून हसली तर तिथल्या तिथे थांबवा. आफ्रिकेत ५४ देश आहेत. इथिओपिया आणि नायजेरिया यांत आपल्या कुठल्याही दोन राज्यांपेक्षा जास्त अंतर आहे.

आणि घरातलं रंगाचं बोलणं. बाळ झालं की पहिल्या दिवशी ‘रंग कुणावर गेलाय’ ही चर्चा थांबवता आली तर फार मोठं काम होईल. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं, एका मोठ्या विवाहस्थळाने वर्णानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. आपल्या बायोडेटातली ‘वर्ण : गोरा’ ही ओळ काढायला तर कुणाच्या परवानगीचीही गरज नाही. सावळ्या विठ्ठलापुढे डोकं ठेवून घरी येणाऱ्या आपण मुलीच्या सावळेपणाला उणीव मानायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

बातमी आणि फॉरवर्ड

जुलै २०१२ मध्ये आसामात हिंसाचार झाला. ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येच्या तरुणांवर हल्ले झाले, पाठोपाठ अफवांचे मेसेज फिरले, आणि बंगळुरू-पुण्यातून हजारो मुलं जीव मुठीत धरून गुवाहाटीच्या गाड्यांत चढली. सरकारने पंधरा दिवस घाऊक एसएमएसवर बंदी घातली होती. ग्रेटर नोएडात मार्च २०१७ मध्ये एका मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांवर थेट नरभक्षणाचा आरोप केला गेला आणि मॉलमध्ये शिरून त्यांना मारलं. गोव्यात २०१३ मध्ये एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली होती.

पुढे पाठवण्याआधी मथळा वाचा आणि विचारा : आरोपी साताऱ्याचा असता तर मथळ्यात सातारा आला असता का? नसता आला, तर ती बातमी पुढे पाठवू नका. ग्रुपवर दुसऱ्याने पाठवली तर चारचौघांत भांडण्यापेक्षा त्याला वेगळा फोन करा. ‘काका, हे एका माणसाचं आहे, आपण सगळ्यांचं करतोय’ इतकं शांतपणे सांगितलं तर वडीलधारी माणसंही ऐकतात. ग्रुपवर सुनावलं की अडून बसतात.

सोबत काम करा

ओळखीने पूर्वग्रह कमी होतो, हे पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासून २००६ मध्ये दाखवलं गेलं आहे. पण कशीही ओळख चालत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच अटी सांगितल्या होत्या : दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून हवं, आणि वरच्या लोकांचा पाठिंबा हवा. उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून केलेल्या अभ्यासात हे स्वच्छ दिसलं. एकाच संघात खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातींतल्या मैत्री वाढल्या. नुसते प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांच्या नाहीत.

म्हणून वर्षातून एकदा ‘नॉर्थ-ईस्ट फूड’चा स्टॉल लावून समाधान मानू नका. फुटबॉलच्या टीममध्ये घ्या. गणेशोत्सवात नाचून दाखवायला बोलावण्याऐवजी वर्गणी, स्टेज, हिशेब यांतली जबाबदारी द्या. भाडेकरू असले तरी सोसायटीच्या पाणी समितीत त्यांचा आवाज असू द्या.

मुलांना इतिहास सांगताना आपल्याच मातीतली माणसं सांगा. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी खडकी वसवणारा, तिथे नहरीचं पाणी आणणारा तोच. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याची कबर खुलताबादला आहे, एका दिवसाची सहल होते. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आजही राहतात, कोकणी बोलतात.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

न्यू जर्सीत १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने टिकली लावणाऱ्या भारतीयांना धमक्या दिल्या, आणि त्याच काळात होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाणीत जीव गमवावा लागला. ते भोगलेल्या समाजात आज नव्याने आलेल्याला पहिला सल्ला मिळतो : ‘त्या एरियात घर घेऊ नकोस, काळ्यांची वस्ती आहे.’ अमेरिकेने १९६५ साली भारतीयांसाठी दार उघडलं ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने बदललेल्या हवेत. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ मध्येच आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं होतं. पुढच्या वेळी कुणी घराविषयी विचारलं तर शाळेचे निकाल, प्रवासाचा वेळ, भाडं सांगा, आणि शेजाऱ्यांचा रंग सल्ल्यातून काढून टाका.

कुणी चूक दाखवली तर, आणि समोर घडताना दिसलं तर

‘तुम्ही बोललात ते मला लागलं’ असं कुणी म्हणालं तर ‘माझा तसा हेतू नव्हता’ने सुरुवात करू नका. आधी ऐका, मग ‘सॉरी, पुन्हा होणार नाही’ म्हणा, आणि तिथेच थांबा. तुमची समजूत घालण्याचं काम त्या माणसावर टाकू नका. पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते आपल्या वहीत लिहा.

समोर कुणाला डिवचलं जात असेल तर छेडणाऱ्याशी झटापट करण्याआधी ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, त्याच्याशी बोलू लागा. ‘चल, आपण पुढच्या डब्यात बसू’ एवढं पुरेसं होतं. प्रकरण हातघाईवर येत असेल तर ११२ ला फोन करा. वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, उच्चारलेले शब्द लिहून ठेवा. ईशान्येतले बरेच लोक अनुसूचित जमातींचे आहेत. चारचौघांत जाणूनबुजून केलेल्या अपमानाला अशा वेळी ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो, आणि त्यात प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष फार मोलाची असते. दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला फोन करून तक्रार करायची आहे का ते विचारा. हो म्हणाली तर पोलीस ठाण्यात सोबत जा. नाही म्हणाली तर तिच्यावर जबरदस्ती करू नका, पण लिहिलेली नोंद जपून ठेवा आणि विचार बदलला तर मी येईन, असं तिला सांगून ठेवा.